सवलत नफ्यावर आहे की कामावर? कंपनी टॅक्सबद्दल वाचकांचे प्रश्न

यावेळी वागळे इस्टेट, वाशी, ऐरोली, तळोजा असे चहूबाजूंनी प्रश्न आलेत आणि गंमत म्हणजे सगळे फिरून एकाच गोष्टीवर येतात, की सरकार कंपन्यांना टॅक्समध्ये सवलत देतं त्याने खरंच धंदा वाढतो का, आणि वाढतो तर कुणाचा. निवडक घेतलेत, नावं छापत नाहीये कारण काहींनी आपल्या फर्मचे आकडे लिहिलेत.

प्रश्न : ताई, वागळे इस्टेटमध्ये आमचं शीट मेटलचं युनिट आहे, वडिलांनी सुरू केलं, आता मी आणि धाकटा भाऊ बघतो. पार्टनरशिप फर्म आहे. २०१९ मध्ये कंपन्यांचा टॅक्स कमी झाला तेव्हा सगळीकडे आनंदीआनंद होता पण आमच्या रिटर्नमध्ये एक रुपयाचा फरक पडला नाही. मुलगा म्हणतो आता तरी प्रायव्हेट लिमिटेड करा, २२ टक्के टॅक्स लागेल. करावं का?

दादा, फरक पडला नाही कारण ती सवलत तुमच्यासाठी नव्हतीच. २० सप्टेंबर २०१९ ला निर्मला सीतारामन यांनी पणजीत जाहीर केलं ते फक्त कंपन्यांसाठी होतं. तेव्हाच्या इन्कम टॅक्स कायद्याचं कलम ११५बीएए, दर २२ टक्के, सरचार्ज आणि सेस (टॅक्सवर वरून लागणारा टॅक्स) धरून २५.१७ टक्के. अट एवढीच की बाकीच्या बहुतेक सवलती सोडायच्या. पार्टनरशिप आणि एलएलपीचा (मर्यादित जबाबदारीची पार्टनरशिप) दर होता तसाच ३० टक्के राहिला, सेस धरून ३१.२, आणि उत्पन्न एक कोटीच्या वर गेलं की वरून १२ टक्के सरचार्ज. वागळे ही एमआयडीसीची पहिली वसाहत, १९६२ पासूनची, तिथल्या गाळ्यागाळ्यातून जे छोटे कारखाने चालतात त्यातले कितीतरी आजही पार्टनरशिप नाहीतर प्रोप्रायटरशिप आहेत. त्यांना त्या दिवशी काहीही मिळालं नाही आणि हे मला तेव्हाही खटकलं होतं, आजही खटकतं. रोजगार वाढवायचा म्हणून सवलत आणि रोजगार देणारा छोटा कारखानदारच बाहेर.

आता तुमचा हिशोब करू. समजा दोघा भावांचा कायद्यात बसणारा पगार वजा करून फर्मचा नफा ४० लाख. फर्म म्हणून टॅक्स १२ लाख ४८ हजार. कंपनी असती तर साधारण १० लाख ७ हजार. वाचले २ लाख ४१ हजार. इथवर मुलगा बरोबर आहे. पण पुढे बघा, फर्मने टॅक्स भरून उरलेला नफा तुम्ही दोघांनी घरी नेला तर त्यावर परत टॅक्स नाही, पार्टनरच्या हातात तो माफ आहे. कंपनीतून तोच पैसा डिव्हिडंड म्हणून काढला तर तुमच्या स्लॅबने परत टॅक्स लागणार, म्हणजे तुम्ही दोघं वरच्या स्लॅबमध्ये असाल तर उरलेल्या ३० लाखांवर आणखी साधारण ९ लाख ३४ हजार गेले. म्हणून कंपनीचा फायदा त्यालाच ज्याला नफा धंद्यातच ठेवायचाय, नवीन मशीन, नवीन गाळा, वर्किंग कॅपिटल. दर महिन्याचं घर त्या नफ्यावर चालत असेल तर फायदा कागदावरच राहतो. डायरेक्टर म्हणून पगार घेऊन थोडं जमवता येतं पण त्या पगारावर पण स्लॅब आहेच.

आणि एक गोष्ट जी मुलाला कुणी सांगितली नसेल. नवीन मशीन घेतलं की मॅन्युफॅक्चरिंग करणाऱ्याला पहिल्या वर्षी नेहमीच्या १५ टक्के घसाऱ्याशिवाय (घसारा म्हणजे मशीन झिजतं म्हणून नफ्यातून वजा करता येणारी रक्कम) २० टक्के जादा घसारा मिळतो आणि तो तुमच्या फर्मला पण मिळतो. ५० लाखाचं लेझर कटिंग मशीन घेतलंत तर जादा घसारा १० लाख, त्यावर ३१.२ टक्क्यांनी ३ लाख १२ हजार टॅक्स त्या वर्षी वाचला. मशीन वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर निम्मा यावर्षी आणि निम्मा पुढच्या वर्षी. कंपनी करून २२ टक्के घेतलेत की हा जादा घसारा गेला. म्हणजे एका मशीनचा फायदा त्या २ लाख ४१ हजारापेक्षा जास्त निघाला. अर्थात हे कायमचे वाचलेले पैसे नाहीत, पुढच्या वर्षांत घसारा तेवढा कमी मिळतो, पण हप्ते सुरू झालेत आणि ऑर्डर अजून भरात नाही अशा पहिल्या वर्षात हातात आलेला पैसा किती मोलाचा असतो ते तुम्हाला मी सांगायला नको.

कंपनी करायचीच ठरलं तर फर्मचं रूपांतर करताना कॅपिटल गेन टॅक्स (मालमत्ता हस्तांतराच्या नफ्यावरचा) लागू नये म्हणून अटी आहेत, सगळे पार्टनर शेअरहोल्डर व्हायला हवेत, आणि पाच वर्षं निदान ५० टक्के मतदानाचा हक्क त्यांच्याकडेच राहायला हवा. आणि ११५बीएए एकदा निवडलं की परत मागे येता येत नाही, त्यासाठीचा फॉर्म (जुन्या कायद्यात १०-आयसी) रिटर्नच्या तारखेच्या आत भरायचा. भाऊ-भाऊ आहात, वाटणीचं बोलणं आधीच करून घ्या.

शेवटचं, तुम्ही पत्रात खाली बारीक अक्षरात लिहिलंय की मोठी पार्टी नव्वद-नव्वद दिवस पेमेंट थांबवते. मला विचाराल तर टॅक्सच्या दरापेक्षा हे तुमचं मोठं दुखणं आहे. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे ना? सूक्ष्म आणि लघु उत्पादकाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, आणि २०२३-२४ पासून कलम ४३बी मध्ये तरतूद आलीय की मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च माल घेणाऱ्या पार्टीला त्या वर्षी धरता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच मिळतो. मार्चच्या आधी बिलाबरोबर उद्यम सर्टिफिकेटची कॉपी पाठवत जा. त्यांच्या अकाउंट्सवाल्याला कळलं की फाईल हलते.

प्रश्न : मॅम, मी वाशीला एमकॉम करतेय आणि प्रोजेक्टचा विषय घेतलाय, विकसनशील देशात कंपनी टॅक्सच्या सवलतींचा कंपन्यांच्या कामगिरीवर परिणाम. गाईड म्हणतात दहा कंपन्यांचा २०१९ च्या आधीचा आणि नंतरचा निव्वळ नफा काढ आणि तुलना कर. पण मला वाटतंय हे फार सोपं होतंय. काय करू?

अगं तुला बरोबर वाटतंय. निव्वळ नफा घेतलास तर उत्तर आधीच ठरलेलं आहे. एका कंपनीचा टॅक्सआधीचा नफा १०० कोटी. जुना वरचा दर सगळं धरून ३४.९४ टक्के, म्हणजे उरले ६५.०६ कोटी. नवा २५.१७, उरले ७४.८३. निव्वळ नफा १५ टक्के वाढला आणि कंपनीने एक नट जास्त विकला नाही, एक माणूस जास्त घेतला नाही. ही कामगिरी नाही, सरकारी तिजोरीतला पैसा कंपनीच्या खात्यात गेला एवढंच. शिवाय २०१९-२० च्या ताळेबंदात एक विचित्र गोष्ट दिसेल, काही कंपन्यांचा नफा दर कमी होऊनही खाली गेलाय, कारण त्यांच्याकडे पुढच्या वर्षांत टॅक्समधून वजा होईल म्हणून जी रक्कम संपत्ती म्हणून धरलेली होती ती नव्या कमी दराने परत मोजावी लागली आणि फरक एकदम खर्चात टाकावा लागला. नोट्स न वाचता आकडे उचललेस तर तिथेच फसशील.

म्हणून टॅक्सच्या वरचं बघ. टॅक्सआधीचा नफा, विक्री, मशीन आणि इमारतीत किती पैसा टाकला, कर्मचाऱ्यांचा खर्च, जमलं तर माणसांची संख्या. आणि दर कायद्यातला धरू नकोस, वार्षिक अहवालातून प्रत्यक्ष टॅक्स भागिले टॅक्सआधीचा नफा असा काढ, कारण सवलतींमुळे २०१९ च्या आधीसुद्धा कितीतरी मोठ्या कंपन्या ३४ टक्के भरतच नव्हत्या. बजेटच्या कागदपत्रांत दरवर्षी सरकार स्वतः छापतं की सवलतींमुळे किती महसूल सोडला आणि नफ्याच्या आकाराप्रमाणे कंपन्या प्रत्यक्षात किती टक्के भरतात, आणि त्या जुन्या तक्त्यांत ५०० कोटींच्या वर नफा असलेल्यांचा प्रत्यक्ष दर एक कोटीपर्यंतच्या छोट्या कंपन्यांपेक्षा कमी दिसायचा. मोठ्यांकडे सवलत शोधणारी माणसं असतात, छोट्यांकडे एक सीए असतो आणि तो सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फोन उचलत नाही.

दुसरी अडचण अशी की सवलत घेणारी कंपनी आणि न घेणारी कंपनी मुळातच वेगळ्या असतात. नफ्यावरची सवलत त्यालाच लागू पडते ज्याला नफा आहे. तोट्यातल्या कंपनीला शून्य टॅक्सवर २२ टक्के काय आणि ३० टक्के काय. मग तू बघशील की सवलत घेतलेल्या कंपन्या चांगल्या चालल्यात आणि लिहून टाकशील की सवलतीमुळे चांगल्या चालल्यात, जेव्हा खरं उलटं असू शकतं.

यातून वाट काढायला एक चांगली संधी २०१९ नेच दिलीय. २०१८-१९ मध्ये २५० कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या कंपन्यांचा दर आधीच २५ टक्क्यांवर आलेला होता, सेस धरून छोट्या नफ्यावर २६. त्यांच्यासाठी २६ वरून २५.१७, म्हणजे जवळजवळ काहीच बदललं नाही. २५० कोटींच्या वरच्यांना मात्र २०१९ मध्ये मोठी कपात मिळाली (४०० कोटींपर्यंतच्यांना ती जुलैच्या बजेटनेच). तर दोन गट कर, सीमेच्या जवळचे घे, म्हणजे समजा २०० ते २५० आणि २५० ते ३०० कोटी, आणि आधीच्या तीन-चार आणि नंतरच्या तीन-चार वर्षांत दोन्ही गटांत फरक कसा बदलला ते बघ. सवलतीने गुंतवणूक वाढत असेल तर वरच्या गटात जास्त वाढ दिसली पाहिजे. कोविडने छोट्यांना जास्त मारलं म्हणून अगदी छोट्या आणि अगदी मोठ्या कंपन्या समोरासमोर ठेवू नकोस. दहा कंपन्यांत हे होणार नाही, पन्नास-साठ तरी घे, आणि गाईडना हे सगळं समजावून सांग, ते ऐकतील.

आता लोकांनी आधी काय शोधलंय ते. आपल्याकडचं सगळ्यात नीट तपासलेलं उदाहरण उत्तराखंड आणि हिमाचलचं. २००३ मध्ये तिथे नवीन कारखान्यांना दहा वर्षं एक्साईज (मालाच्या उत्पादनावरचा टॅक्स) माफ आणि पहिली पाच वर्षं नफ्यावर पूर्ण इन्कम टॅक्स माफ, पुढची पाच वर्षं कंपन्यांना ३० टक्के सूट. बद्दी, हरिद्वार, रुद्रपूर ही नावं तेव्हापासून औषधांच्या पट्ट्यांवर आणि बिस्किटांच्या पुड्यांवर दिसायला लागली. रितम चौरे यांनी २०१७ मध्ये छापलेल्या अभ्यासात रोजगार, उत्पादन, भांडवल, कारखान्यांची संख्या सगळं बरंच वाढलेलं दिसलं, मजुरी वाढली, आणि दुसरीकडचे कारखाने उठून तिकडे गेले असा पुरावा त्यांना मिळाला नाही. म्हणजे सवलतीने काहीच होत नाही असं म्हणणं चूक आहे. पण तिथे काय होतं ते बघ, सवलत नवीन कारखाना उभारण्याशी किंवा आहे तो भरपूर वाढवण्याशी बांधलेली होती आणि एक्साईजची माफी तर नफा असो नसो पहिल्या मालापासून मिळत होती.

याच्या दुसऱ्या बाजूला गुंतवणूकदारांना विचारलेले सर्व्हे आहेत. साधा प्रश्न, सवलत नसती तरी आला असतात का? रवांडात ९८ टक्के हो म्हणाले, युगांडात ९३, टांझानियात ९१, व्हिएतनाममध्ये ८५, थायलंडमध्ये ८१. निकाराग्वात मात्र फक्त १५, कारण तिथे निर्यातीसाठी येणाऱ्या कपड्यांच्या कारखान्यांसारखे धंदे होते जे सवलत मिळेल त्या देशात मशीन उचलून नेतात. जो आपल्याच बाजारात विकायला आलाय किंवा इथल्या खाणीसाठी आलाय तो सवलतीशिवाय पण येतो. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधी, जागतिक बँक, ओईसीडी (श्रीमंत देशांचा गट) आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांनी जी-२० साठी मिळून जो अहवाल केला त्यातही हेच, की गरीब देशांत अशा सवलती पुष्कळदा फुकट जातात आणि नफ्यावरच्या सुट्टीपेक्षा गुंतवणुकीच्या खर्चावर दिलेली सूट बरी.

आणि २०१९ चं काय झालं? सरकारने तेव्हा वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी सोडतोय असं सांगितलं. आर्थिक पाहणी २०२३-२४ मध्ये ३३ हजारांवर कंपन्यांचे आकडे घेऊन लिहिलंय की २०२०-२३ या तीन वर्षांत टॅक्सआधीचा नफा जवळजवळ चौपट झाला, आणि त्याच पाहणीत तक्रार आहे की भरती आणि पगार त्या मानाने वाढले नाहीत. टॅक्सआधीचा नफा आहे हा, म्हणून ही वाढ दराचा थेट परिणाम नाही असं म्हणता येईल, पण त्याच काळात कंपन्यांनी कर्ज फेडली, व्याज खाली आलं, कोविडमध्ये छोटे गळाले आणि बाजार मोठ्यांकडे सरकला. चौपटीतलं टॅक्सकपातीचं किती ते वेगळं काढणं हेच तुझ्या प्रोजेक्टचं खरं काम. माझं स्वतःचं मत असं की २२ टक्क्यांच्या दराने जुना नफा आणखी गोड झाला, नवीन गुंतवणुकीला त्याने थोडाच रेटा दिला.

त्याच दिवशी आलेलं १५ टक्क्यांचं ११५बीएबी मला जास्त पटलं होतं, सगळं धरून १७.१६ टक्के, फक्त १ ऑक्टोबर २०१९ नंतर स्थापन झालेल्या उत्पादन कंपन्यांना, जुनी मशीन २० टक्क्यांपर्यंतच चालतील, जुना धंदा तोडून बनवलेली कंपनी चालणार नाही. हे खरं नवीन काहीतरी कर तरच मिळेल असं होतं. पण उत्पादन सुरू करायची मुदत आधी मार्च २०२३, मग वाढवून मार्च २०२४, त्यातली दोन वर्षं कोविडने खाल्ली, आणि ज्याने आपल्याकडे जमीन, प्रदूषण मंडळाची संमती, वीज कनेक्शन हे सगळं केलंय त्याला माहितीये चार वर्षं कशी जातात. मुदत वाढवली नाही याचं मला वाईट वाटतं.

प्रश्न : माझे मिस्टर ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये आहेत. सेझची सवलत संपली म्हणून कंपनी मजले सोडतेय असं ऑफिसात बोलतात. आम्ही आत्ताच घणसोलीत घर बुक केलंय. घाबरायला हवं का?

घर बुक केल्यावर असं ऐकलं की पोटात गोळा येणारच, पण जरा शांतपणे बघू. सेझ म्हणजे निर्यातीसाठी राखलेलं विशेष आर्थिक क्षेत्र. त्यातल्या युनिटला निर्यातीच्या नफ्यावर पहिली पाच वर्षं पूर्ण, पुढची पाच वर्षं निम्मी आणि त्यापुढची पाच वर्षं नफा धंद्यात परत टाकला तर निम्म्यापर्यंत सूट होती. २०११ च्या बजेटमध्ये सेझवर पण मॅट (सवलती असल्या तरी भरावा लागणारा किमान टॅक्स) लावला तेव्हाच त्यातलं अर्धं पाणी काढून घेतलं होतं, आणि २०२० च्या आसपास नवीन युनिटसाठी दार बंद झालं. जुन्यांची वर्षं हळूहळू संपतायत. त्यात घरून काम सुरू झालं आणि सेझ म्हणून राखलेले मजले रिकामे पडायला लागले, कारण सेझमध्ये सवलत नसलेल्या साध्या भाडेकरूला बसवता येत नव्हतं. डिसेंबर २०२३ मध्ये नियम बदलला आणि आता आयटी सेझमध्ये मजल्यामजल्याने सेझचा दर्जा काढून घेता येतो. म्हणजे कंपनी मजला सोडतेय याचा अर्थ ती शहर सोडतेय असा नाही, कितीदा एकाच आवारात सेझमधून साध्या जागेत जाणं असतं, सेझमधल्या कस्टमच्या कटकटी पण सुटतात.

ऐरोलीत कंपन्या फक्त टॅक्ससाठी आल्याच नव्हत्या. २००४ मध्ये ठाणे-वाशी ट्रान्स हार्बर लोकल सुरू झाली, ठाण्याहून गाडीत बसलं की ऐरोली पहिलंच मोठं स्टेशन, डोंबिवली-कल्याणचा इंजिनियर ठाण्याला गाडी बदलून तासाभरात पोचतो, हे कुठल्याही कलमापेक्षा मोठं आहे. आता नवी मुंबईचा विमानतळ सुरू झालाय, अटल सेतू जानेवारी २०२४ पासून आहे, म्हापे-रबाळे-ऐरोलीत डेटा सेंटर उभी राहतायत. उलट उदाहरण पण इथलंच आहे. द्रोणागिरी-उलवे-कळंबोलीकडच्या नवी मुंबई सेझसाठी हजारो एकर जमीन राखली, सवलती कागदावर सगळ्या होत्या, पण कारखाने आले नाहीत आणि शेवटी २०१८ मध्ये राज्य सरकारने तिथे एकात्मिक औद्योगिक क्षेत्र करायला परवानगी दिली. उरण-पनवेलकडच्या ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांनी मधली वर्षं कशी काढली ते त्यांनाच विचारा.

मिस्टरांची नोकरी त्यांच्या प्रोजेक्टवर आणि क्लायंटवर ठरेल, सेझवर नाही. घराचे हप्ते मात्र एकाच्या पगारात बसतात का ते बघून ठेवा, ते सेझ असो नसो बघायलाच हवं.

प्रश्न : मी ठाण्यातला निवृत्त बँक कर्मचारी. आयुष्यभर पगारातून टॅक्स कापला गेला, आता पेन्शनवर भरतो. कंपन्यांना लाखो कोटी माफ आणि आम्हाला नाही. हे कसं काय बरोबर?

काका, तुमचा राग मला समजतो आणि आकडे पण तुमच्या बाजूने आहेत. कंपनी टॅक्सची वसुली २०१८-१९ मध्ये ६ लाख ६३ हजार कोटी होती, २०१९-२० मध्ये ५ लाख ५७ हजार, कोविडच्या वर्षात ४ लाख ५७ हजार. नंतर वाढून २०२३-२४ मध्ये ९ लाख ११ हजार कोटी झाली, पण तोवर तुमच्या-आमच्यासारख्यांचा इन्कम टॅक्स १० लाख कोटींच्या पुढे गेला होता. पूर्वी कंपन्या पुढे असायच्या.

फक्त एक, लाखो कोटी माफ हा शब्द लोक बँकांच्या कर्ज राइट-ऑफसाठी पण वापरतात आणि दोन्ही एकत्र करतात. तुम्ही बँकेतले, तुम्हाला फरक ठाऊक आहे. टॅक्सची सवलत हा कायद्यात आधीच कमी ठेवलेला दर किंवा वजावट असते. ती अन्यायाची तेव्हा होते जेव्हा बदल्यात काहीच मागितलं जात नाही. मशीन घे, माणसं घे, संशोधन कर, मग सूट घे, हे मला मान्य आहे. संशोधनाच्या खर्चावर पूर्वी दुप्पट वजावट होती, २०१७ मध्ये ती दीडपट केली आणि २०२० पासून जेवढा खर्च तेवढीच, आणि त्याच सुमाराला सरसकट दर कमी केला. माझ्या मते हे उलटं झालं, काम करणाऱ्याची सूट काढली आणि नुसता नफा असणाऱ्याला दिली. खासदारांना हे जरूर विचारा, ठाण्यात ते भेटतात.

प्रश्न : तळोजा एमआयडीसीत आमची प्लास्टिक मोल्डिंगची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, २२ टक्केवाला दर घेतलाय. यावर्षी दहा नवीन कामगार घेतले, पगार वीस हजारांच्या आसपास. कुणीतरी म्हणालं यावर पण सूट आहे. २२ टक्के घेतल्यावर बाकी सगळं बंद ना?

सगळं बंद नाही, ही सूट राहिलीय आणि फार कमी लोक घेतात. कलम ८०जेजेएए. नवीन कामगारांच्या पगाराच्या ३० टक्के जादा वजावट, तीन वर्षं, पगार तर खर्चात धरताच, त्याच्यावर हे. दहा जण, महिना वीस हजार, वर्ष पूर्ण भरलं तर पगार २४ लाख, त्याचे ३० टक्के ७ लाख २० हजार. तुमच्या दराने वर्षाला साधारण १ लाख ८१ हजार टॅक्स वाचला, तीन वर्षांत ५ लाख ४३ हजार.

अटी नीट बघा. महिन्याचा पगार २५ हजारांच्या वर नको. वर्षात २४० दिवस काम हवं, यावर्षी उशिरा लागले आणि पुढच्या वर्षी २४० भरले तर पुढच्या वर्षी धरता येतात. पीएफ हवा, पगार बँकेतून हवा, रोखीने नाही. गेल्या मार्चअखेर जेवढी माणसं होती त्यापेक्षा एकूण संख्या वाढलेली हवी, दहा आले आणि दहा गेले तर काही नाही. तुमच्या खात्यांना टॅक्स ऑडिट लागू असायला हवं. आणि मुख्य म्हणजे ती माणसं तुमच्या मस्टरवर हवीत. तळोजात अर्ध्याहून जास्त शॉपफ्लोअर ठेकेदाराच्या माणसांवर चालणारे कारखाने कमी नाहीत, ती माणसं ठेकेदाराची धरली जातात, तुमची नाही.

याशिवाय ऑगस्ट २०२५ पासून केंद्राची पीएम विकसित भारत रोजगार योजना चालू आहे, जुलै २०२७ पर्यंतच्या भरतीसाठी. त्यात मालकाला दर नवीन कामगारामागे महिन्याला तीन हजारांपर्यंत मिळतात, पीएफचा पगार दहा ते वीस हजारांमध्ये असेल तर दोन हजार, वीसच्या वर तीन, दोन वर्षं, आणि उत्पादन क्षेत्राला चार वर्षं. पन्नासपेक्षा कमी माणसं असतील तर निदान दोन जास्त, पन्नास किंवा वर असतील तर पाच जास्त घ्यायची आणि सहा महिने टिकवायची. हे मला ८०जेजेएएपेक्षा पण चांगलं वाटतं, कारण यात नफ्याची अट नाही. मोल्डिंगवाल्याला ग्रॅन्युलचा (प्लास्टिकच्या दाण्यांचा) भाव चढला की एखादं वर्ष कोरडं जातं, त्या वर्षी टॅक्सच नाही तर वजावट घेऊन करणार काय, पण हे पैसे तेव्हाही येतात.

१ एप्रिल २०२६ पासून नवीन इन्कम टॅक्स कायदा आहे त्यामुळे कलमांचे नंबर बदललेत, सीएशी बोलताना जुना नंबर सांगितला तरी त्यांना कळेल. ज्या वर्षाचं रिटर्न जुन्या कायद्याने भरताय त्याला फॉर्म १०डीए लागतो, सीएच्या सहीचा, आणि तो रिटर्नच्या नाही तर ऑडिट रिपोर्टच्या तारखेच्या आत, म्हणजे एक महिना आधी अपलोड करायचा. पीएफचे चलन, हजेरीचं रजिस्टर आणि बँकेतून पगार गेल्याचं स्टेटमेंट आत्ताच एका फाईलला लावून ठेवा.